मायच्या डाव्या हाताचं सलाईन

माझं काम काय आहे हे सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत मला आजवर कुणालाही धड समजावता आलेलं नाही. इच्छापोरच्या कारखान्यात जाते, एवढं सगळ्यांना माहीत. तिथे सुया बनतात की बाटल्या, यावर शेजारणींमध्ये दोन पक्ष. एकदा चिडून मी सांगितलं, "अहो मावशी, सलाईन लावल्यावर ती नळी हातातून निघू नये म्हणून वरून जे चिकटवतात ना, ते मी आखते." मावशी म्हणाल्या, "म्हणजे चिकटपट्टी." झालं. तेव्हापासून मी चिकटपट्टीची इंजिनियर. लग्नकार्यात ओळख करून देतानासुद्धा हेच, वर हसू.

बरं, चिकटपट्टी तर चिकटपट्टी. पण लोकांना वाटतं सलाईन लावलं की हातात सुई राहते, आणि म्हणून बिचारे हात लाकडासारखा ताठ धरून बसतात. सुई नसते आत. सुई फक्त वाट करून देते आणि बाहेर येते. शिरेत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी. ती नळी जागच्या जागी हलत राहिली तरी शीर सुजते, औषध मांसात उतरतं, हात पुरीसारखा फुगतो आणि मग दुसरी शीर शोधा. तरण्याताठ्या माणसाचं काही बिघडत नाही, त्याच्या हातावर शिरांचं जाळं असतं. ज्याला महिनोन्‌महिने टोचलंय त्याच्या हातावर टोचायला जागाच उरत नाही. माझं सगळं डोकं या एका गोष्टीवर चालायचं, की एकदा लागलेली नळी हलता कामा नये.

माझी पट्टी अशी होती. खाली मऊ कापडी चिकट पट्टी, तिच्या मधोमध एक छोटा प्लास्टिकचा खोबणीसारखा भाग. नळीचं डोकं त्या खोबणीत बसवायचं आणि वरून झाकण टक्‌कन बंद करायचं. झाकणाच्या एका बाजूला मी जरासा उचललेला काठ ठेवला होता. आधीचा नमुना अगदी सपाट होता, पण हातमोजे घातलेल्या नर्सला तो उघडताच येईना. नखं लावून लावून वैतागायच्या आणि शिव्या आम्हाला. मग मी काठ उचलला, एका बोटाने झाकण उघडायला लागलं, सगळे खूश. साहेबांनी पेढे वाटले. रबराच्या हातावर पट्टी लावून मशीनने ओढून पाहिली, मिठाचं पाणी टाकून, गरम करून, पुन्हा ओढून पाहिली. सुटली नाही. मी त्या दिवशी घरी जाताना रिक्षात एकटीच हसत होते, इतका आनंद झाला होता मला.

मायला माझ्या कामाचं कौतुक होतं. मी घरी नमुना आणला तेव्हा तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, हा तर पोलिसाच्या छातीवरचा बिल्ला दिसतो. मग ती त्याला बिल्लाच म्हणायची. आमच्या घरात अहिराणी. आबा खानदेशातून सुरतेला कापडाच्या लूमवर आले, माय त्यांच्या मागून आली, आणि लूमच्या खडखडाटात आबांचे कान गेले तरी बोली काही गेली नाही. पण परका माणूस समोर आला की माय शाळेतल्या बाईंसारखी मराठी काढायची. "बसा", "घ्या", "नका" असं. गुजराती शेजारणीशी, रिक्षावाल्याशी, डॉक्टरशी, सगळ्यांशी तेच. तिला वाटायचं की ही आपली बाहेर जायची भाषा, हिच्यावर सगळीकडे भागतं. आम्ही तिची चेष्टा करायचो. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच.

उन्हाळ्यात तिला ताप भरला. आमच्या भागात ताप आला, हातपाय गळाले, की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन एक बाटली चढवून घ्यायची. लूमवरचे कारागीरसुद्धा जेवणाच्या सुट्टीत बाटली चढवून परत कामावर उभे राहतात. मायनेही तेच केलं. रोज जायची, बाटली चढवायची, जरा बरं वाटलं की येऊन साड्यांना चमकीच्या टिक्या लावत बसायची. मी कारखान्यात असायचे. मला म्हणायची, बरं वाटतंय. उजव्या हाताच्या सगळ्या शिरा अशा फुकट गेल्या. एक दिवस ती टिक्यांच्या ढिगातच आडवी झाली, तेव्हा आम्ही तिला गोडादऱ्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर भला माणूस होता. उगाच घाबरवणारा नव्हता, आणि म्हणूनच त्याचा उतरलेला चेहरा पाहून मी खुर्ची ओढून बसले. रक्तात जंतू पसरले होते. प्रेशर पडत होतं. ते उचलून धरायला एक औषध सलाईनमधून थेंब थेंब सतत द्यावं लागणार होतं, आणि प्रेशर घसरलं की सिस्टरने चकती फिरवून थेंब जास्त करायचे. ते खरं तर मानेतल्या मोठ्या शिरेतून द्यायचं असतं, पण प्लेटलेट इतक्या उतरल्या होत्या की मानेत टोचलं तर रक्त थांबणार नाही. म्हणून आधी प्लेटलेट द्यायच्या, त्या वर आल्या की मानेत नळी, तोवर हात. पाय सुजलेले, उजवा हात गेलेला. डाव्या हातावर एकच शीर सापडली.

"ही टिकवा," डॉक्टर मला म्हणाला. "ही गेली तर मी काय करू ते मलाच माहीत नाही."

कुणाला सांगत होता! मी माझ्या पर्समधून माझी पट्टी काढली. त्यांच्या साध्या चिकटपट्ट्या उपटून टाकल्या आणि सिस्टरकडून माझी लावून घेतली. सिस्टर कोवळी पोर होती, बारडोलीकडची गुजराती, नुकतीच लागलेली. मायला मासी म्हणायची. झाकण टक्‌कन बंद झालं तसं माय तापातही हसली आणि सिस्टरला म्हणाली, "हे माझ्या मुलीने बनवलेलं आहे." सिस्टर म्हणाली, "हो का मासी!" मला त्या क्षणी खरंच वाटलं, की बाई गं, एवढी वर्षं हे शिकलीस ते आजच्यासाठीच.

आणि दुसऱ्याच दिवशी माझे डोळे उघडले. आबांचे मोठे भाऊ भेटायला आले. माय अर्धवट ग्लानीत होती, पण जेठ खोलीत शिरल्याची चाहूल लागली मात्र, तिचा डावा हात पदराकडे गेला. डोक्यावर पदर घ्यायला. आयुष्यभराची सवय, तापात कशी जाईल? हात वर झाला, मनगटावरच्या हिरव्या बांगड्या खाली-वर घसरल्या, आणि त्यातली एक माझ्या त्या कौतुकाच्या काठाखाली अलगद शिरली. हात खाली आला तशी बांगडीने झाकण उघडलं. एका बोटाने उघडतं ना ते! नळी बाहेर, पलंगावर औषध, मायच्या हातातून रक्त. मी बाजूला उभी राहून हे सगळं पाहिलं.

आम्ही पट्टी रबराच्या हातावर ओढून पाहिली होती. त्या हाताला बांगड्या नव्हत्या. एवढ्या मोठ्या कारखान्यात, जिथे पट्ट्या भरायच्या ओळीवर सगळ्या बायाच बसतात, तिथे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण आत जाताना त्या सगळ्या बांगड्या काढून ठेवतात. मीही काढते. केसांवर टोपी, अंगात पांढरा डगला, हात मोकळे, हा तिथला नियम. नंतर नंतर मी रविवारीही त्या घालायला विसरू लागले. कुणाच्या हातात बांगड्या असतात ही गोष्टच माझ्या डोळ्यांना दिसेनाशी झाली होती.

सिस्टरने देवाचं नाव घेत त्याच शिरेत दोन बोटं वर पुन्हा नळी घातली. लागली.  पण आता नळी बरोबर मनगटाजवळ होती, बांगड्यांच्या वाटेत. बांगड्या काढायला गेलो तर हात सुजलेला. साबण लावला, खोबरेल लावलं, कासार करतो तसं प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून पाहिलं. अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडकायच्या. माय कळवळायची. वर सरकवून कापडाने बांधल्या, तर जरा हलली की पुन्हा खाली. मध्ये कापूस कोंबला, तोही निघाला. माझ्या झाकणावरून त्यांची साधी चिकटपट्टी ओढली, ती घामाने आणि खोबरेलाने सुटली.

डॉक्टर आला. त्याने एकदा पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "काँच की ही तो हैं. तोड़ दो."

मायने डोळे उघडले. तिने सलाईनचा हात उजव्या हाताने झाकून घेतला आणि आबांकडे पाहिलं. "तुम्ही बठेल शेतस ना समोर? मंग हाऊ काय बोली राह्यना?" तुम्ही समोर बसलेले आहात ना, मग हा काय बोलतोय, असं. आबांना ऐकू कमी येतं, पण तिचं बोलणं त्यांना ओठांवरूनही कळतं. ते उठले आणि डॉक्टरला हात जोडून म्हणाले, "नहीं साहेब. वो नहीं."

माझं डोकंच फिरलं. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये आबांवर ओरडले. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ओरडले की राग आला म्हणून, आता सांगता येणार नाही. अख्ख्या मजल्याने ऐकलं. "आबा, तुम्ही जिवंत आहात हे सगळ्या लिंबायतला माहीत आहे! त्याला काचेचा पुरावा कशाला लागतो? ती मरेल ना अशाने!"  आबा हळूच म्हणाले, की पोरी, तिची शुद्ध येते नि जाते. शुद्धीत आल्यावर हात पाहिला आणि मी समोर नसलो, चहाला गेलेलो असलो, तर ती काय समजेल? तिथेच छाती बंद पडेल तिची.  मला अजून चीड आली, कारण ते बरोबर बोलत होते.

आत गेले तर माय माझ्याकडे पाहत होती. तिने ऐकलं होतं. "तुले नही समजाव," ती म्हणाली. तुला नाही कळायचं. मग माझ्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मी पलंगाशी बसून रडले. दुसरं काय करू? माझीच वस्तू तिच्या हातावर, माझंच झाकण, आणि मीच तिच्या नवऱ्यावर ओरडून आलेली. मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून आत घ्यावं असं वाटत होतं.

डॉक्टरने तोडगा काढला, तो असा की आता राहू द्या, पण नळी पुन्हा निघाली तर मी कुणाला विचारणार नाही. हे मायच्या समोर बोलला. त्यानंतर कुणीही तिच्या डाव्या हाताजवळ आलं, प्रेशर बघायला आलं, नुसती चादर सारखी करायला आलं, तरी ती दचकून हात ओढून घ्यायची. आणि ओढला की मी तिथे झाकण दाबून धरायचे. एक पूर्ण दिवस मी माझ्या बोटाने माझं झाकण दाबून बसले. बोट बधिर झालं. जेवायला उठले नाही. आबा म्हणाले मी धरतो, पण त्यांचा हात लूमच्या हादऱ्यांनी थरथरतो, त्यांना मी देईना.

तेव्हा मला तो सपाट नमुना आठवला. ज्याला काठच नव्हता, जो नर्सेसनी नापास केला होता. त्याच्याखाली बांगडी शिरायला जागाच नाही. वरून घसरून जाईल. त्याची निर्जंतुक केलेली पाकिटं कारखान्यात कपाटात पडून असणार, कारण आम्ही काही फेकत नाही. फोन करून मागवली असती, पण ते कपाट कुठलं, खण कुठला, हे मलाच माहीत. आणि खरं सांगायचं तर मला तिथून पळायचंही होतं. हातात करण्यासारखं काही आलं की माणूस त्याच्याकडे धावतो. आबांना म्हटलं, मी गेले नि आले. सिस्टरला खुणेने सांगितलं, बघ हं. मायच्या कपाळाला हात लावला, गरम होतं. तिने डोळे उघडले नाहीत.

गोडादऱ्याहून इच्छापोर म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. रिक्षावाला गाणी लावून बसला होता, त्याला म्हटलं बंद कर. त्याने माझ्या तोंडाकडे पाहून बंद केली. कारखान्यात शिरले ती तडक कपाटाकडे. पाकिटं होती. एक मूठ घेतली तर मागून साहेब.

"बेन, ए नापास माल छे," ते म्हणाले. नापास माल बाहेर जायचा नाही, पेशंटवर तर मुळीच नाही. नियम माझ्याच सहीचा होता, त्याचीही त्यांनी आठवण करून दिली.

मी म्हटलं, "साहेब, माझी आई आहे."

"म्हणूनच सांगतो. काही झालं तर कुणाला तोंड दाखवाल?"

"आणि काही नाही केलं तर?" मी इतक्या जोरात ओरडले की ओळीवरच्या बाया टोप्यांखालून बघायला लागल्या.  साहेबांनी कपाटाचं दार स्वतःच्या हाताने लावलं आणि "में कंई जोयुं नथी," असं काहीसं पुटपुटत निघून गेले. आपण पाहिलंच नाही, असं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गेटवर आले तर आबांचा फोन. त्यांचा फोन म्हणजे ते बोलतात आणि आपण ऐकायचं, त्यांना उलट काही ऐकू येत नाही. डॉक्टरने चिठ्ठी दिली होती, रक्तपेढीत प्लेटलेट मिळाल्या, लगेच घेऊन या. "मी जातो आहे. सिस्टर आहे तिच्यापाशी. तू ये लवकर." मी "थांबा, मी येते मग जा" असं दोनदा ओरडले. त्यांनी फोन ठेवला होता. मग मीच मनाशी म्हटलं, चांगलंच झालं. प्लेटलेट आल्या म्हणजे मानेत नळी, मानेत नळी म्हणजे हाताची कटकट संपली. मी रिक्षात बसले तेव्हा माझ्या मांडीवर पाकिटांची मूठ होती आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच मला वाटत होतं की हे जमेल. देवाशपथ वाटत होतं.

उधना दरवाज्याच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबला. साड्यांच्या गाठोड्यांनी भरलेला टेम्पो आडवा झाला होता. मी उतरून पळत सुटले, पुढे जाऊन दुसरी रिक्षा केली.

हॉस्पिटलच्या जिन्यावर मला आबा भेटले. तेही नुकतेच आले होते, हातात पिशवी, कपाळावर घाम, जिना चढताना दम लागलेला. आम्ही बरोबरच वर गेलो. मायच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. डॉक्टर पडद्यातून बाहेर आला, आमच्याकडे पाहिलं आणि त्याने मान हलवली. मी त्याला बाजूला सारून आत गेले. माय झोपल्यासारखीच होती. डावा हात चादरीवर होता. बांगड्या सगळ्याच्या सगळ्या होत्या. माझी पट्टी जिथल्या तिथे होती, झाकण बंद, नळी आत. काहीही निघालेलं नव्हतं.

मला कळेचना. मी डॉक्टरला धरलं, अक्षरशः बाहीला धरलं. नळी तर आहे ना? मग? औषध तर चालू होतं ना? तो म्हणाला, प्रेशर एकदम पडलं. म्हणाला, तसंही जंतू फार पसरले होते, वय होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. असं बरंच म्हणाला. तो जे म्हणाला ते खरंही असेल. मला डॉक्टरकी येत नाही.

सिस्टर कोपऱ्यात औषधांच्या टेबलाशी उभी होती आणि हुंदके देत होती. तिच्या हातून गेलेली ती पहिलीच पेशंट असावी. मी तिच्याजवळ गेले. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच होतं की शेवटचं काय झालं ते कुणीतरी सांगावं. ती हिंदी, गुजराती, मराठी सगळं मिसळून सांगायला लागली. प्रेशर जरा खाली आलं म्हणून ती थेंब जास्त करायला गेली. आधी मायचा हात पाहायला म्हणून मनगटाला हात लावला. तशी माय जागी झाली आणि विनवायला लागली.

"मासी हात जोडत होत्या, दीदी. 'वाढवू नका, सिस्टर, वाढवू नका.' दोन-चार वेळा बोलल्या. मला मराठी थोडं थोडं येतं ना. मला वाटलं औषधाने नस जळते, खूप दुखत असेल. ते औषध जळतंच. म्हणून मी वाढवलं नाही. उलट थोडं कमी केलं आणि डॉक्टरसाहेबांना बोलवायला गेले. ते खाली दुसऱ्या पेशंटपाशी होते. मी परत आले तर..."

आमच्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. सवाष्णीच्या हातातल्या बांगडीबद्दल तसं तोंडातून काढायचंच नसतं. वाढली म्हणतात. वाढवली म्हणतात. माय तापाच्या भरातही नीट, शुद्ध, बाहेरच्या माणसाशी बोलायच्या मराठीत तिला सांगत होती, की माझा नवरा जिवंत आहे, माझ्या बांगड्या वाढवू नका. आणि त्या पोरीने तिचं ऐकलं. सगळ्या हॉस्पिटलात तिचं म्हणणं ऐकणारी ती एकटीच निघाली. मी तिथे असते तर एका शब्दाचं काम होतं. मी म्हणाले असते, माय, नाही वाढवत गं, आणि सिस्टरला म्हणाले असते, तू वाढव. पण मी इच्छापोरला कपाट उघडत होते.

 मी टेबलाला धरून उभी राहिले. शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. सांगून टाकावंसं वाटत होतं, तिला खांदे धरून हलवून सांगावंसं वाटत होतं.

सिस्टरने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "तेच म्हणत होत्या ना, दीदी? वाढवू नका म्हणजे, औषध वाढवू नका, असंच ना?"

मी मागे पाहिलं. आबा पडद्याशी उभे होते. कानांनी त्यांना काय ऐकू येणार, पण ते सिस्टरच्या ओठांकडे बघत होते, आणि तो शब्द त्यांनी वाचला होता. त्यांचा चेहरा कसा झाला हे मी लिहू शकत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान हलवली. नको, म्हणून.

"हो," मी सिस्टरला म्हणाले. "तेच म्हणत होती."

"म्हणजे मी बरोबर केलं ना?"

आबा पुढे आले. त्यांनी प्लेटलेटची पिशवी तिच्या हातात दिली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरोबर किया बेटा," ते म्हणाले, ऐकू न येणाऱ्या माणसासारखे मोठ्याने, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे. "उसका मान रखा तूने."